फ्रीझरमधली पाहुणी

दिवाळीला आमच्या घरी पाहुणे येतात ते बहुधा न कळवता येतात, आणि एकदा आले म्हणजे चार दिवस मुक्काम केल्याशिवाय हलत नाहीत. याबद्दल माझी कधी तक्रार नव्हती. पाहुण्यांच्या निमित्ताने ताटात एखादा पदार्थ जास्त पडतो, हा माझा आजवरचा अनुभव आहे. पण गेल्या दिवाळीत जी पाहुणी आमच्याकडे उतरली, तिला बसायला खुर्ची नको होती, प्यायला चहा नको होता आणि फराळाकडे तर तिने ढुंकूनही पाहिले नाही. तिला हवा होता फक्त आमचा फ्रीझर!

धनत्रयोदशीची संध्याकाळ होती. मी दारात रांगोळी काढीत बसलो होतो. (आमच्याकडे रांगोळी अलीकडे मीच काढतो. ती कशी येते हे कृपा करून विचारू नये. एकोणतीस वर्षे शाळेत भूगोल शिकवल्यामुळे माझे कमळ हिंदी महासागरातल्या एखाद्या बेटासारखे दिसते, असे शेजारच्या बाई म्हणतात.) इतक्यात जिन्यावरून एक कुरिअरवाला धापा टाकीत आला आणि त्याने थर्मोकोलचा एक चौकोनी डबा माझ्या पुढ्यात ठेवला. नाव आमच्या भाचीचे, पत्ता खोडून त्यावर पेनाने लिहिलेला आमचा. मी सही करतो आहे तोच भाचीचा फोन वाजला.

"मामा, डबा आला का? प्लीज, आतली लहान पिशवी फ्रीझरमध्ये ठेवाल? आमची संस्था आजपासून बंद. गेटवरून माणूस परत गेला म्हणून मी तुमचा पत्ता दिला. भाऊबीज झाली की मी येऊन घेऊन जाते."

मनू एका प्रयोगशाळेत पीएच.डी.चे काम करते. त्या वेळी ती बसमधून नाशिकला घरी निघाली होती. मी विचारले, "ठेवतो, पण आहे काय यात?"

"टीएनएफ अल्फा."

"म्हणजे काय?"

"सूज, मामा."

"कसली सूज?"

"सूज आणणारी! आपल्या अंगात सूज ज्या निरोपामुळे येते ना, तो निरोप. शुद्ध करून कुपीत भरलेला..." आणि इथे बस चंदनापुरीच्या घाटात शिरली असावी, कारण पुढे नुसती खरखर ऐकू आली.

मी स्वयंपाकघरात गेलो. आमची ही डायनिंगच्या खुर्चीवर बसून दोन्ही तळहातांनी पुऱ्याचे पीठ दाबीत होती. बोटांनी मळणे तिने केव्हाच सोडले आहे. तिने विचारले, "काय आलंय?" मी म्हटले, "मनूची सूज आली आहे. फ्रीझरमध्ये ठेवायची आहे."

हिने आपल्या हातांकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली, "अहो, ती विकतसुद्धा मिळते? मग मी नऊ वर्षं फुकट काय म्हणून साठवून ठेवलीय?"

आता या वाक्याचा खुलासा केला पाहिजे. नऊ वर्षांपूर्वी एका श्रावणात हिच्या हाताची बोटे सकाळी आखडू लागली. आधी आम्ही त्याला पावसाळी हवा म्हटले, मग वय म्हटले, मग कपडे धुण्याच्या साबणाला दोष दिला. ते सगळे झाल्यावर डॉक्टरांकडे गेलो. आमवात निघाला. हा म्हातारपणी गुडघे झिजतात तो संधिवात नव्हे. यात शरीराची संरक्षण करणारी यंत्रणाच सांध्यांच्या अस्तरावर उलटते. आठवड्यातून एकदा घ्यायच्या गोळ्या सुरू झाल्या, आणि काही वर्षे त्यांनी लाज राखली. मग राखेनात. सकाळी उठल्यावर दीड-दोन तास तिला कपाचा कान धरता येत नसे. मंगळसूत्राचा आकडा मी लावीत असे. पाटल्या निघेनात म्हणून सोनाराकडे जाऊन कापून घ्याव्या लागल्या, त्या दिवशी घरी आल्यावर ती जेवली नाही. मी समजूत घालायला गेलो तर म्हणाली, "दुखतं म्हणून नाही हो. हात परक्याचे वाटतात." यावर काय बोलावे हे मला अजून सुचलेले नाही.

आणि दिवाळीच्या आधी पंधरा दिवस डॉक्टरांनी नव्या इंजेक्शनाचे काढले होते. तत्पूर्वी क्षयाची तपासणी करायला सांगितली. छातीचा फोटो स्वच्छ आला, पण रक्ताचा अहवाल आला तो "होकारार्थी". डॉक्टर म्हणाले, घाबरू नका, हा रोग नाही. जंतू कधीकाळी शरीरात शिरले आहेत आणि झोपले आहेत, इतकाच याचा अर्थ. काही महिने गोळ्या घ्या, पहिला महिना झाला की इंजेक्शन सुरू करू. हिने तो अहवाल घडी घालून कपाटात साड्यांच्या खाली ठेवला आणि जाहीर केले, की इंजेक्शन नको. कारण विचारू नका, असेही वर सांगितले. कारण मला ठाऊक होते. हिची एक आत्या मिरजेजवळ वानलेसवाडीच्या सॅनेटोरियममध्ये वर्षभर होती. परत आली ती त्यांच्याच माजघरात निजत असे. वेगळे ताट, वेगळी वाटी, आणि लहान असलेली ही, दाराच्या फटीतून तिच्याकडे बघणारी. ती आत्या त्या घरातून उठली नाही. इतक्या वर्षांनी हिच्या रक्तात जे जंतू सापडले ते कदाचित त्याच माजघरातले असतील. नसतीलही. पण हिच्या मनात ते तिथलेच होते.

अशा घरात, अशा दिवशी, ती पाहुणी आली.

डबा उघडला तर आत बर्फासारख्या गार जेलच्या लाद्या, त्यांच्यामध्ये पिशवी, पिशवीत करंगळीच्या पेराएवढी कुपी. कुपीत काय? काही नाही! डोळ्यांना लावून पाहिले तेव्हा तळाशी पांढरा पापुद्रा दिसला. सोबतच्या कागदावर वजन लिहिले होते, दहा मायक्रोग्रॅम. म्हणजे एका ग्रॅमचा लाखावा भाग, मिठाच्या एका कणाहूनही कमी. पापुद्रा दिसत होता तो बहुतेक आधाराला घातलेल्या दुसऱ्या पदार्थाचाच. आणि किंमत पंधरा हजारांच्या घरात! मास्तरांना गणिताची खोड असतेच. मी लगेच हिशेब केला, या भावाने एक ग्रॅम घ्यायचा तर दीडशे कोटी रुपये पडतील. सोन्याच्या पेढीपुढे रांग लावून उभे असलेल्या लोकांची मला कीव आली. हिला सांगितले तेव्हा तिने फ्रीझरचे दार उघडले, वाटाण्याच्या पिशवीशेजारी ठेवलेल्या त्या डबीवर हळदकुंकू वाहिले आणि म्हणाली, "धनत्रयोदशीला घरात आलंय, रिकामं कशाला ठेवा."

कागदावर आणखी दोन ओळी होत्या, त्यांनी माझी झोप घालवली. पहिली, हे प्रथिन मानवी आहे. दुसरी, हे केवळ संशोधनासाठी आहे, माणसावर वापरू नये. वस्तू माणसाची, पण माणसावर वापरायची नाही! आणि मानवी म्हणजे कोणाचे?

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी मनू आली. चकली तोंडात घालून तिने आधी फ्रीझर उघडला, आणि कुंकू बघून इतकी हसली की तिला ठसकाच लागला. मग मी प्रश्न विचारले. ही शेजारी बसून, आपला काही संबंध नाही अशा चेहऱ्याने, शेंगा सोलीत होती. अर्थात तळव्यांनी.

"कोणाचंच नाही, मामा," मनू म्हणाली. "माणसाच्या पेशीत या प्रथिनाची कृती लिहिलेली असते. ती कृती उतरवून घेतात आणि आपल्या आतड्यात असतात त्या जातीच्या जंतूच्या पोटात घालतात. जंतू बिचारा वाचतो आणि करीत सुटतो. मोठ्या टाकीत त्यांना साखर, मीठ, हवा दिली की वीस-वीस मिनिटांत दुप्पट होतात. मग त्यांना फोडायचं आणि त्या चिखलातून आपलं प्रथिन तेवढं वेगळं काढायचं."

"म्हणजे घरच्या बाईची पाककृती ढापून खानावळीत रांधून घेतल्यासारखं," मी म्हटले.

"तसंच. आणि खानावळीचा वास मात्र राहता कामा नये! तीच तर मोठी अडचण. त्या जंतूच्या कवचाचा एक अंश असतो, तो जरा जरी कुपीत राहिला तरी आपल्या पेशी बिथरतात आणि स्वतःच टीएनएफ ओकायला लागतात. मग मी घातलेल्यामुळे झालं, की जंतूच्या कवचामुळे झालं, कळायचं कसं?" तो अंश शोधायला समुद्रातल्या एका प्राण्याचे निळे रक्त वापरतात म्हणे. घोड्याच्या नालेसारखा दिसतो, लोक त्याला खेकडा म्हणतात, पण तो नात्याने कोळ्याचा जवळचा. त्याचे रक्त या विषाचा स्पर्श होताच गोठते. मला समुद्र, प्रवाह, किनारे पाठ आहेत, पण त्या किनाऱ्यांवर असले नमुने राहतात हे मी मुलांना कधी शिकवले नाही, याचे वाईट वाटले.

माळ तयार होते ती 157 मण्यांची, आणि तशा तीन माळा एकमेकींना बिलगल्या म्हणजेच ते प्रथिन काम करते. तिच्या शास्त्रात असल्या निरोप्यांना सायटोकाइन म्हणतात. एक पेशी निरोप सोडते, दुसरी ऐकते आणि रक्तवाहिन्या सैल होतात, सैनिक पेशी धावून येतात, जागा लाल होते, तापते, सुजते. काटा रुतल्यावर बोट ठणकते ते यांच्याच कृपेने. ठणकणे संपले की निरोपही थांबायला हवा. आमवातात तो थांबत नाही.

"पण नाव असं अवघड का?" मी विचारले. टीएनएफचा पूर्ण अर्थ निघाला तो असा, गाठ कुजवणारा घटक. सुजेचा आणि गाठीचा काय संबंध? यावर मनूने जी हकिगत सांगितली ती मला फार आवडली, म्हणून इथे देतो. 1890 साली न्यूयॉर्कला विल्यम कोली नावाच्या तरुण सर्जनकडे बेसी डॅशिएल ही सतरा वर्षांची मुलगी आली. हाताला साधी दुखापत, पण निघाला हाडाचा कर्करोग. त्याने हात कापला, तरी 1891च्या जानेवारीत ती गेली. या एका मृत्यूने तो माणूस हलला. त्याने इस्पितळाची जुनी दप्तरे उपसली, आणि त्यात एका जर्मन माणसाची नोंद सापडली. मानेवरची गाठ वारंवार उठत होती, पुढे त्या जागी धावरे झाले, प्रचंड ताप आला, आणि ताप उतरला तो गाठीला घेऊनच. कोलीने न्यूयॉर्कच्या गरीब वस्तीत दारोदार हिंडून त्या माणसाला शोधून काढले. तो धडधाकट होता! मग कोली रोग्यांना मुद्दाम जंतू टोचू लागला, पुढे मेलेल्या जंतूंचे मिश्रण. कोणी बरे झाले, कोणी झाले नाहीत, आणि लोकांनी त्याला वेडगळ ठरवले.

जंतूंमुळे गाठ विरते ती कशाने, याचा धागा पुढे 1975 साली त्याच शहरात लॉइड ओल्ड, एलिझाबेथ कार्सवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांना सापडला. त्यांनी उंदरांना बीसीजी टोचले. होय, तीच बीसीजी, जिचा वण तुमच्या-माझ्या दंडावर आहे. मग जंतूच्या कवचाचे विष दिले, आणि त्या उंदरांच्या रक्तरसात गाठ कुजवणारा एक घटक मिळाला. पण मिळे तो थेंबभर, आणि त्यात सतराशे साठ इतर गोष्टींची भेसळ. 1984 साली कॅलिफोर्नियात जेनेंटेक कंपनीतल्या शास्त्रज्ञांनी माणसाची ती कृती उतरवून जंतूकडून करवून घेतली, तेव्हा कुठे शुद्ध, मोजूनमापून मिळू लागला. कर्करोगावर रामबाण मिळाला म्हणून उत्साहाने तो रोग्यांना टोचला, तर रोग्यांना हुडहुडी भरे, रक्तदाब कोसळे. याच सुमारास न्यूयॉर्कला ब्रूस ब्यूटलर आणि अँथनी सेरामी दुसऱ्याच प्रश्नामागे होते. दीर्घ आजारात जनावरे झिजून का मरतात, हा तो प्रश्न. झिजवणारे प्रथिन त्यांनी पकडले, आणि 1985 साली उघड झाले, की गाठ कुजवणारा आणि शरीर झिजवणारा हे दोघे एकच!

"एकाच माणसाची दोन नावं," मी म्हटले.

"सरकारी कचेरीत असंच होतं," ही म्हणाली. शेंगा सोलणे थांबले होते.

मग लंडनमध्ये मार्क फेल्डमन आणि लुधियान्यात जन्मलेले रवींदर मैनी यांनी आमवाताच्या सांध्यातल्या पेशी बशीत वाढवल्या. त्या बशीत निरोपे अनेक होते, पण टीएनएफला तेवढे अडवले की बाकीचेही गप्प बसू लागले. 1992 साली त्यांनी चेरिंग क्रॉस इस्पितळात पहिल्या रोग्यांना टीएनएफ अडवणारे औषध दिले, आणि ज्यांना जिना चढवत नव्हता अशांना काही दिवसांत उतार पडला. त्याच तत्त्वावरची इंजेक्शने आता जगभर देतात. त्यांतल्या एकाची नक्कलवजा, स्वस्त आवृत्ती 2014च्या डिसेंबरात प्रथम बाजारात आणली ती अहमदाबादच्या एका कंपनीने.

इथवर सगळे छान चालले होते. तोच हिने विचारले, "मनू, मग याचा आणि क्षयाचा काय संबंध? खरं सांग. मामांना बरं वाटेल असं नको."

मनूने माझ्याकडे पाहिले. मी पंख्याकडे पाहिले.

"मामी, क्षयाचा जंतू आपल्याला नेहमीच मारता येत नाही. मग शरीर त्याच्याभोवती पेशींची तटबंदी उभी करतं आणि त्याला आत डांबतं. वर्षानुवर्षं. त्या तटावर पहारा कोणाचा, तर या टीएनएफचा. इंजेक्शनानं पहारेकरी काढून घेतला तर तट ढासळू शकतो. हे 2001 साली लक्षात आलं, इंजेक्शन घेणाऱ्या काही लोकांमध्ये क्षय उसळला तेव्हा. म्हणून आता आधी तपासतात, आणि जंतू निजलेले असतील तर आधी त्यांच्यासाठी गोळ्या. धोका त्यानं पुष्कळ कमी होतो. शून्य होतो असं मी सांगणार नाही."

ही बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे माझ्या बोटांची वाट लावणारा आणि साठ वर्षं त्या जंतूंना कोंडून ठेवणारा एकच?"

"एकच."

"आणि आत्यापाशी तो कमी पडला असेल."

मनू म्हणाली, "ते सांगता येत नाही, मामी. त्या काळी त्यांच्या पोटात काय होतं, जंतू किती होते, औषध कधी मिळालं, यावरही असतं." मला वाटले होते ती हो म्हणेल. हो म्हणणे सोपे होते. पण म्हणाली नाही, आणि मला वाटते, हिने पुढे जे ठरवले ते या एका उत्तरामुळे.

त्यानंतर बोलणे मनूच्या प्रयोगावर गेले. गुडघे बदलण्याची शस्त्रक्रिया होते तेव्हा काढून टाकलेले सांध्याचे अस्तर रोग्यांच्या संमतीने त्यांच्या प्रयोगशाळेत येते. त्या पेशी बशीत निवांत वाढतात. त्यांना ती कुपीतली सूज द्यायची, एका मिलिलिटरला दहा नॅनोग्रॅम, की त्या भडकतात. मग भडकलेल्यांना शांत कशाने करता येईल ते पाहायचे. त्या हिशेबाने ही कुपी एक लिटरला पुरते, म्हणजे मनूचे कित्येक महिने निघतात. आमच्या फ्रीझरमध्ये वाटाण्याशेजारी काय पडले होते, हे मला तेव्हा नीट कळले. लोकभारनियमन झाले असते तर?

"कोरडी पावडर आहे, दोन-तीन आठवडे बाहेर राहिली तरी चालते," मनू म्हणाली. "पण हे तुम्हाला आधी सांगितलं असतं तर तुम्ही फ्रीजचं दार दहा वेळा उघडलं असतं." वास्तविक मी ते चार दिवसांत कमीत कमी तीस वेळा उघडले होते.

निघताना हिने तिला दारात थांबवले. "माझाही गुडघा कधीतरी बदलावाच लागेल. तेव्हा ते अस्तर तुमच्याकडे देता येतं का गं? कशाला उगीच टाकायचं." मनूने हो म्हटले, त्याला रीतसर कागद असतो, असेही सांगितले. हिने तिच्या हातावर चिवड्याचा डबा ठेवला आणि कुपीच्या पिशवीवरचे कुंकू पदराने पुसून काढले. "प्रयोगात गेलं तर माझ्यावर येईल," म्हणाली.

त्या रात्री मी दूध तापवीत होतो तेव्हा कपाट उघडल्याचा आवाज आला. साड्यांखालचा अहवाल टेबलावर आला, आणि दुसऱ्या दिवशी आम्ही डॉक्टरांकडे गेलो. क्षयाच्या गोळ्या सुरू झाल्या. त्यांचा एक त्रास असा, की यकृतावर लक्ष ठेवावे लागते, म्हणून अधूनमधून रक्त देणे आले. त्या दिवसापासून मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर फुल्या मारीत गेलो. पहिले इंजेक्शन डिसेंबराच्या शेवटी झाले. त्या आठवड्यात ती जरा जरी खोकली तरी मी बिछान्यात उठून बसत असे. आणि ती पाठ न वळवता म्हणत असे, "मिरचीच्या फोडणीचा आहे. झोपा."

जादू झाली नाही, हे सांगितलेच पाहिजे. वाकडी झालेली बोटे वाकडीच आहेत, जे झिजले ते परत येत नाही असे डॉक्टरांनी आधीच सांगितले होते. पण सकाळचा आखडलेपणा दीड तासावरून वीस मिनिटांवर आला आहे. मार्चमध्ये एके दिवशी मी मंगळसूत्राचा आकडा लावायला गेलो, तर तो लावलेला होता. मी काही बोललो नाही. तीही काही बोलली नाही. औषधाचा खर्च पेन्शनला जड जातो, आणि दर तीन महिन्यांनी छातीत धडधड करीत रक्ताचे कागद आणायला जातो. गोळ्यांचा शेवटचा महिना आता चालू आहे.

परवा मनूचा फोन आला होता. पेशी भडकताहेत, पण शांत होत नाहीत म्हणाली. दुसरी कुपी मागवली आहे, ती दिवाळीच्या सुमारास येईल. या वेळी ती संस्थेतच घेणार आहे, असे तिचे म्हणणे. हिने तरी फ्रीझरमधले वाटाणे एका बाजूला सारून जागा केली आहे.

आणि चकल्यांचे म्हणाल तर सोऱ्या हिला आता फिरवता येतो. मी स्वतः पाहिले आहे. पण मी फिरवायला बसलो की ती खुर्ची ओढून समोर बसते आणि "जरा दाबून, काटे उमटत नाहीयेत" असे सांगत राहते. यंदाही सोऱ्या माझ्याच हातात आहे.